बारावीच्या निरोपाचे पोर्ट्रेट : कपड्यांचा सल्ला उत्तम, भाड्याचा ब्लेझर सुमार

निरोप समारंभाचे दिवस जवळ आले की सोलापुरात साड्यांच्या दुकानांपाठोपाठ फोटो स्टुडिओही गजबजू लागतात. वर्गाचा फोटो कॉलेज काढतेच. परंतु अलीकडे मुलांना स्वतःचे स्वतंत्र, नीट प्रकाशयोजना करून काढलेले पोर्ट्रेट हवे असते. अमेरिकेत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची अशी पोर्ट्रेट शाळेच्या वार्षिकांकासाठी काढण्याची जुनी रीत आहे. तेथे अनेक ठिकाणी कपड्यांचा प्रश्न स्टुडिओच निकालात काढतो : मुलांना टक्सिडो आणि मुलींना खांद्यांभोवती गुंडाळायचे काळे वस्त्र. आपल्याकडे मात्र काय घालायचे यावरून घरात आठवडाभर खल चालतो. सात रस्ता परिसरातील ज्या स्टुडिओतून आम्ही मुलीचे आणि भाच्याचे पोर्ट्रेट काढून घेतले, तो फोटोच्या आधी कपडे ठरवण्यासाठी वेगळी बैठक ठेवतो, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते या बैठकीतच.

बैठकीला येताना मनात असलेले सगळे कपडे इस्त्री करून आणायला सांगतात. प्रत्येक कपडा चेहऱ्याजवळ धरून, प्रत्यक्ष दिव्यांखाली एकेक फोटो काढून तो मोठ्या पडद्यावर दाखवला जातो. आरशात शोभणारे कॅमेऱ्यात शोभेलच असे नाही, हे वाद न घालता पटवण्याची ही पद्धत मला फार आवडली. मुलीने हट्टाने आणलेल्या भडक गुलाबी कुर्त्याची छटा तिच्या हनुवटीखाली आणि मानेवर उतरलेली पडद्यावर स्वच्छ दिसली, तेव्हा तिने तो स्वतःच घडी घालून पिशवीत ठेवला. सॅटिनच्या ड्रेसवर दिव्याची चकाकी पट्ट्यापट्ट्यांनी उमटत होती, त्यामुळे तोही बाद झाला.

खरा प्रश्न आजीच्या इरकलीचा होता. जांभळ्या अंगाची, लाल काठाची, बारीक चौकडीची ही साडी नेसायचीच, असे मुलीने आधीच ठरवले होते. फोटोग्राफरने ती नाकारली नाही. मात्र पडद्यावर चित्र लहान केल्यावर चौकडीच्या जागी पाण्यावरच्या तरंगांसारख्या रंगीत रेघा कशा उठतात, ते दाखवले. कापडावरची वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची बिंदूंची जाळी एकमेकींच्या फार जवळच्या मापाची झाली की असे होते. ‘‘ताई, साडी बदलायची गरज नाही, मी अंतर बदलतो,’’ असे म्हणून त्याने कॅमेरा पुढे आणला, मुलीला किंचित तिरके उभे केले आणि रेघा नाहीशा झाल्या. पदराची पद्धतही त्यानेच सुचवली : बारीक निऱ्यांचा पिन केलेला पदर खांद्यावर फक्त एक जाड पट्टी होऊन बसतो, तोच मोकळा सोडला तर पांढऱ्या-लाल पदराचे काम हातावर उलगडून दिसते. ब्लाउजसाठी त्याने साधा, बिनचमकीचा रंग सांगितला आणि गळ्यात एकच दागिना घालायला सांगितला. नेसवायला स्टुडिओत एक काकू असतात. त्यांचा हात चांगला आहे, घाई मात्र फार.

मुलांच्या बाबतीत एवढा विचार झालेला दिसत नाही. भाच्याला ब्लेझर हवा होता आणि स्टुडिओतले ब्लेझर जेमतेम तीन-चार मापांचे. पाठीमागे चिमटे लावून तो अंगासरशी आणला गेला. समोरून ठीक दिसला, पण बाजूच्या पोजमध्ये खांद्याची शिवण दंडावर उतरलेली लपली नाही. वर त्याचे भाडे पॅकेजमध्ये नाही, हे बिल करताना कळले. जे शहर देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवते, त्या शहरात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मापाचा कोट मिळू नये, याचे नवल वाटते. शेवटी भाच्याचा उत्तम फोटो आला तो त्याच्या स्वतःच्या आकाशी, बाह्या दुमडलेल्या सुती शर्टात. पांढरा शर्ट त्याने नेला होता. परंतु फिकट पार्श्वभूमीवर तो विरघळून जातो, म्हणून मागचा पडदा गडद करावा लागला असता.

चष्म्याबद्दलची सूचना विशेष उपयोगी ठरली. उन्हात काळी होणारी काच असेल तर बाहेरच्या फोटोसाठी साध्या काचेचा जुना चष्मा बरोबर ठेवावा, अन्यथा डोळेच दिसत नाहीत. बाहेरचे फोटो आम्ही किल्ल्यालगतच्या बागेत काढले. सोलापूरचे दुपारचे ऊन जानेवारीतही चेहऱ्यावर कठोर सावल्या पाडते, म्हणून सकाळची वेळ मागून घ्यावी. हिरवा कपडा तेथे झाडांत हरवतो, हे वेगळे सांगायला नको.

फोटो ठरल्या तारखेनंतर मिळाले. पहिल्या प्रतीत मुलीच्या गालावरचा तीळ पुसून टाकलेला होता आणि कांतीला प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा आला होता. सांगितल्यावर तक्रार न करता दुरुस्ती झाली. अल्बमची छपाई किमतीच्या मानाने सामान्य आहे. तो न घेता मूळ आकारातील फोटो पेनड्राइव्हवर मागावेत, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतींत इरकलीच्या चौकडीवर त्या रेघा पुन्हा डोकावतात. ब्लेझर लागणारच असेल तर तो घरूनच न्यावा आणि जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत वेळ घेऊ नये. तेव्हा बैठकीला पुरेसा वेळ मिळत नाही.