विंडोज १० वरून ११ वर जावे का : लहान कार्यालयाच्या आणि मराठी लेखनाच्या दृष्टीने

मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, बिले छापली गेली, विवरणपत्रे भरली गेली, आणि त्यामुळेच 'चालते आहे तोवर चालू द्या' असे म्हणत अनेक छोट्या कार्यालयांनी हा निर्णय बाजूला ठेवला. मी विंडोज ११ रोजच्या मराठी लेखनासाठी आणि अनुवादासाठी वापरतो, शिवाय एका लहान कार्यालयातील संगणकांची देखभालही माझ्याकडे आहे. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, यंत्र पात्र असेल तर ११ वर जावे आणि पात्र नसेल तर ही नवी प्रणाली त्याच्या गळ्यात मारू नये. मात्र दोन्ही बाबतींत आधी पाहावे ते कार्यालयातील सर्वांत जुन्या प्रोग्रॅमकडे आणि सर्वांत जुन्या उपकरणाकडे.

सपोर्ट संपणे म्हणजे नेमके काय, हे २०१७ साली जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने ज्या त्रुटीतून संगणकांत प्रवेश केला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. हल्ला झाला मे महिन्यात. ज्यांनी अपडेट घेतले नव्हते ते सापडले, आणि विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना तर सपोर्ट २०१४ मध्येच संपल्यामुळे ती दुरुस्ती हल्ल्यानंतर, अपवाद म्हणून मिळाली. जूनमध्ये त्याच त्रुटीचा इतर मार्गांबरोबर वापर करणाऱ्या 'नॉटपेट्या'ने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक निकामी केले, आणि त्याची झळ थेट आपल्या न्हावा शेवा बंदरातील टर्मिनलच्या कामाला बसली. ज्या संगणकावर ग्राहकांचे पॅन, आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील साठवलेले आहेत, तो सुरक्षा अपडेटविना इंटरनेटला जोडून ठेवणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

पात्रतेचे नियम कडक आहेत. ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा या अटी बहुतेक संगणक पूर्ण करतात. अडते ते यूईएफआय व सिक्युअर बूट (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत आणि तीतील सुरक्षा तपासणी), टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा सोय) आणि मान्य प्रोसेसरांची यादी यांपाशी. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर चालतात. २०१७ मध्ये सातव्या पिढीचा आय-७ घेतलेल्या माणसाला आपला उत्तम चालणारा संगणक नाकारला जातो आणि नंतर घेतलेला त्याहून दुबळा संगणक स्वीकारला जातो, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते. तरीही पात्रता तपासणाऱ्या 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमने नकार दिला म्हणून लगेच निराश होऊ नये. पुष्कळ मदरबोर्डांवर टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ती बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रांवर ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या यंत्रांवर 'एफटीपीएम' या नावाने सापडते. डिस्कची विभागणी यूईएफआयला न चालणाऱ्या जुन्या 'एमबीआर' पद्धतीची असेल तर विंडोज १० मध्येच असलेल्या 'एमबीआर२जीपीटी' या साधनाने ती नव्या 'जीपीटी' पद्धतीत बदलता येते, मात्र त्याआधी माहितीची पूर्ण प्रत दुसरीकडे ठेवलेली असली पाहिजे. कागदावर ४ जीबी पुरेसे असले, तरी ८ जीबीपेक्षा कमी रॅम असलेल्या किंवा अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालणाऱ्या यंत्रावर ११ चढवून समाधान मिळणार नाही. आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी.

आता मुख्य मुद्दा, जुन्या प्रोग्रॅमांचा. विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले ३२-बिट प्रोग्रॅम तिच्यावर सहसा व्यवस्थित चालतात, पण डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. दुकाने, पतसंस्था, दूध संकलन केंद्रे अशा ठिकाणी डॉसवरील फॉक्सप्रोमध्ये कोणीतरी कधीकाळी लिहून दिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम अजूनही ३२-बिट विंडोज १० वर निमूटपणे काम करताना दिसतो. असा संगणक थेट ११ वर नेताच येत नाही. ६४-बिट प्रणाली नव्याने बसवावी लागते आणि मग तो प्रोग्रॅम डॉसबॉक्ससारख्या, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या आवरणात चालवावा लागतो, ज्यात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरची छपाई हमखास वेळ खाते. अशा जागी मी ११ ची घाई करणार नाही. तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ त्या हिशेबापुरता ठेवावा, आणि विवरणपत्रे, ई-मेल व बँकेची कामे दुसऱ्या यंत्रावर न्यावीत.

मुद्रणालयांची अडचण वेगळी आहे. अक्षरजुळणीच्या जुन्या देवनागरी प्रणालींना संगणकाला जोडायचे 'डाँगल' (परवाना असल्याची खूण देणारे छोटे उपकरण) लागते, आणि त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) कधीकाळी विंडोज ७ साठी लिहिलेला असतो. विंडोज ११ मध्ये 'कोअर आयसोलेशन'खाली 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचे संरक्षण असते. ते सुरू असेल तर सुसंगत नसलेल्या ड्रायव्हरला प्रणाली उभेच करत नाही. ते संरक्षण बंद करून डाँगल चालवणे शक्य असते, पण मग ज्या सुरक्षिततेसाठी बदल केला तीच कमी होते. म्हणून प्रणाली विकणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. डिजिटल सहीच्या टोकनलाही हेच लागू पडते.

ज्या कार्यालयांत एका संगणकावरचे फोल्डर सगळे जण पासवर्डशिवाय उघडतात, तिथे आणखी एक धक्का बसतो. विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४ मधील) आवृत्तीपासून नेटवर्कवरील फाइलींच्या देवाणघेवाणीला 'एसएमबी साइनिंग' (संगणकांनी एकमेकांच्या संदेशांची आपोआप करायची पडताळणी; वरच्या टोकनशी तिचा संबंध नाही) सक्तीचे झाले आणि प्रो आवृत्तीत 'गेस्ट' म्हणून होणारा प्रवेश आपोआप मिळेनासा झाला. जुने नॅस यंत्र (नेटवर्कवर फाइली साठवणारी पेटी) किंवा स्कॅन केलेली पाने शेअर फोल्डरमध्ये टाकणारे जुने झेरॉक्स यंत्र त्यामुळे अचानक अबोला धरते, आणि दोष केबलला दिला जातो. यावर खरा उपाय म्हणजे प्रत्येकासाठी नाव व पासवर्ड ठरवून घेणे. काम थोडे वाढते, पण ते आधीच करायला हवे होते.

मराठी लेखनाच्या बाबतीत मात्र फार मोठी अपेक्षा ठेवू नये. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हींत आहे, आणि रोमन अक्षरांवरून देवनागरी लिहिण्याचा फोनेटिक कळफलकही विंडोज १० मध्ये २०१९ पासूनच आहे. केवळ त्यासाठी बदल करण्याचे कारण नाही. खरी भर पडली आहे ती बोलून लिहिण्यात. विंडोजची कळ आणि 'एच' दाबून सुरू होणारी सोय १० मध्ये मराठी जाणत नव्हती, ११ मध्ये जाणते. तिला इंटरनेट लागते, जोडाक्षरांच्या तत्सम शब्दांत ती चुकते आणि विरामचिन्हे नंतर हाताने घालावी लागतात; तरी लांब पत्राचा कच्चा खर्डा तयार करायला ती मला उपयोगी वाटली. फाँटबद्दल एक सूचना आवश्यक आहे. चालू प्रणालीवरच ११ बसवली तर तुमचे फाँट जागेवर राहतात, पण नव्या संगणकावर किंवा कोऱ्या डिस्कवर बसवली तर निर्मला हा फाँट मिळतो, मंगल, कोकिळा आणि अपराजिता मिळतीलच असे नाही. ते 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स' या ऐच्छिक भागात आहेत. भाषांच्या यादीत मराठी जोडल्यावर किंवा हा भाग वेगळा बसवल्यावर ते येतात. नाहीतर मंगलमध्ये केलेला जुना दस्तऐवज दुसऱ्या फाँटमध्ये उघडतो, ओळी सरकतात आणि पानांचे आकडे बदलतात. अनुक्रमणिका असलेल्या पुस्तकाच्या कामात हे महागात पडते.

रोजच्या वापरात मला सर्वांत आवडली ती पडद्याची विभागणी: विंडोजची कळ आणि 'झेड' दाबून मूळ मजकूर डावीकडे, अनुवाद उजवीकडे आणि शब्दकोश कोपऱ्यात असे मांडता येते. फाइल एक्सप्लोररमधील टॅबही सोयीचे आहेत. याउलट टास्कबार पडद्याच्या बाजूला नेण्याची सोय ११ मधून काढून टाकली गेली, उजव्या क्लिकच्या यादीत नेहमीचे पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'मागे गेले, वर्डपॅड २४एच२ पासून उरले नाही, आणि स्टार्ट मेन्यूतील शिफारशी पैसे मोजून घेतलेल्या प्रणालीत असू नयेत असे मला ठामपणे वाटते. स्टार्टचे बटण डावीकडे आणता येते. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या संगणकावर ते पहिल्याच दिवशी करून द्यावे.

खात्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. नव्याने बसवताना ११ इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, आणि २४एच२ पासून अशा कोऱ्या स्थापनेत डिस्क आपोआप कुलूपबंद केली जाते. त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. कार्यालयात संगणक बसवून देणाऱ्याने स्वतःचे किंवा तात्पुरते खाते वापरले, तर पुढे मदरबोर्ड बदलल्यावर माहिती कायमची हातची जाऊ शकते. खाते कार्यालयाच्या नावाचे असावे आणि किल्ली कागदावर छापून कपाटात ठेवावी.

यंत्र पात्र नसेल तर तीन वाटा दिसतात. पहिली म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेटांची योजना: विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असलेल्या वैयक्तिक संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, त्यासाठी ३० डॉलर किंवा १,००० रिवॉर्ड्स पॉइंट द्यावे लागतात, अथवा सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडल्यास काहीच द्यावे लागत नाही. नव्या संगणकासाठी पैसे बाजूला टाकायला हा अवधी वापरावा. एज ब्राउझरला विंडोज १० वर २०२८ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, पण त्याने मूळ प्रणालीतील छिद्रे बुजत नाहीत. दुसरी वाट नियमांना बगल देऊन ११ बसवण्याची. ती चालते असे सांगणारे भेटतात, परंतु अशा यंत्राला अपडेट मिळण्याची हमी कंपनी देत नाही, आणि २४एच२ नंतर काही फार जुन्या प्रोसेसरांवर प्रणाली सुरूच होत नाही. घरी प्रयोग म्हणून ठीक आहे, कामाच्या संगणकावर नको. तिसरी वाट लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणालीची, आणि ब्राउझर, ई-मेल व साधे मराठी लेखन एवढेच काम असेल तर ती मला नव्या खर्चापेक्षा शहाणपणाची वाटते. टॅली किंवा एक्सेलमधील मॅक्रो यांवर रोजचे काम अवलंबून असेल, तर तिचा विचार करू नये.

पात्र विंडोज १० वरून ११ वर जाण्यास शुल्क नाही, आणि बदल पसंत न पडल्यास १० दिवसांच्या आत 'रिकव्हरी'मधून मागे फिरता येते. या काळात जागा मोकळी करण्याच्या नादात 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर पुसले तर ती वाट बंद होते. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्या कार्यालयांनी २० तारखेची जीएसटीआर-३बी भरून झाल्यावर, २१ तारखेला ११ बसवावी. पुढची जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे हे दहाही दिवस प्रिंटर, टोकन, शेअर फोल्डर आणि हिशेबाचा प्रोग्रॅम तपासायला मोकळे मिळतात. मार्च महिन्यात मात्र हे काम हाती घेऊ नये.