हार्टफर्ड की कोडी: सहाबारी पिस्तुलाची गोष्ट कुठे बघावी?

नायगारा झाला, व्हाइट हाउससमोर फोटो झाले, आणि एका रविवारी चहा पिताना काका म्हणाले, "ते काउबॉयचं रिव्हॉल्व्हर खरंखुरं कुठे बघायला मिळेल रे?" काका पिंपरीत पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले, तरुणपणी वेस्टर्न सिनेमे तीन-तीनदा बघितलेले. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात मग दोन गट पडले. एक म्हणे हार्टफर्ड, दुसरा म्हणे कोडी. मी दोन्ही पाहिली आहेत, म्हणून हा हिशेब.

हार्टफर्ड कनेटिकटमध्ये, आमच्याकडून गाडीने तीनेक तासांवर. पहाटे निघालं तर रात्री घरी वरणभात. कोडी वायोमिंगमध्ये. विमान, मग भाड्याची गाडी, हॉटेल. नुसत्या पिस्तुलासाठी तिकडे जाऊ नये. यलोस्टोनला जाणारच असाल तर गोष्ट वेगळी, कारण उद्यानाच्या पूर्वेकडच्या दारापासून कोडी जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे.

पैसे आणि वेळ सोडा. दोन्हीकडे दिसतं ते अगदीच निराळं.

हार्टफर्डचं मोल कळायला हे रिव्हॉल्व्हर बनवणारा सॅम्युअल कोल्ट कळला पाहिजे. 1830 मध्ये सोळा वर्षांचा हा पोरगा बॉस्टनहून 'कॉर्व्हो' जहाजावर चढला आणि कलकत्त्याला पोचला. याच सफरीत त्याने सुरीने लाकूड तासून फिरत्या पिस्तुलाचा नमुना केला. जहाजावरचं चक्र फिरून खटक्यात अडकतं ते बघून कल्पना सुचली, असं तो पुढे सांगायचा. काही अभ्यासकांना वेगळा संशय आहे: एलिशा कोलियरची चकमकीची फिरती पिस्तुलं तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेत होती, ती त्याने पाहिली असावीत. मला हा संशय पटतो. पण कोलियरचं गोळ्यांचं नळकांडं हाताने फिरवावं लागे. कोल्टने घोडा, म्हणजे मागची ठोकणी, मागे ओढला की नळकांडं आपोआप एक घर पुढे सरकेल आणि नळीसमोर घट्ट अडकेल अशी जोडणी केली. 1836 च्या अमेरिकन पेटंटचा सगळा जीव त्या अडकण्यात आहे.

ते लाकडी तुकडे हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या कलासंग्रहालयाकडे आहेत. कोल्टची बायको एलिझाबेथ हिने आपला संग्रह त्यांना दिला. मात्र तिथल्या सगळ्याच वस्तू कायम मांडलेल्या नसतात आणि आठवड्यातले काही दिवस दार बंद असतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. जवळच राज्य ग्रंथालयाच्या इमारतीत कनेटिकट इतिहास संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, आणि कोल्ट कंपनीने स्वतःकडे जपलेली पिस्तुलं तिथे आहेत. कारखान्याच्या निळ्या कांदेघुमटावर दोन पायांवर उभं असलेलं मूळ शिंगरूही तिथेच. कोल्ट म्हणजे शिंगरू, आणि आपण पिस्तुलाच्या त्या भागाला म्हणतो घोडा! हा विनोद मी काकांना गाडीत दोनदा ऐकवला.

काका मात्र काचेला नाक लावून नळकांड्यावरच्या खाचा बघत होते. "सगळ्या एकसारख्या आहेत. हे कानशीचं काम नाही, मशीनचं आहे," ते म्हणाले. बरोबर होतं. 1849 मध्ये कोल्टने एलिशा रूट हा कारागीर कारखान्यावर आणला, आणि एकासारखे एक सुटे भाग यंत्रावर काढण्याची पद्धत तिथे बसली. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर जे गाजलं ते आधी इथे ठोकळ्यातून कापलं गेलं.

आता कोडी. 'वाइल्ड वेस्ट'चे खेळ करणाऱ्या बफेलो बिलने वसवलेलं गाव, आणि त्याच्याच नावाच्या केंद्रात पाच संग्रहालयं एका तिकिटात. त्यातल्या बंदुकांच्या संग्रहालयात हजारो शस्त्रं आहेत. 2019 मध्ये ते नव्याने मांडून उघडलं, मांडणी सुरेख आहे. पण त्याचा गाभा विंचेस्टर कंपनीच्या संग्रहाचा, म्हणजे रायफलींचा. फक्त रिव्हॉल्व्हरसाठी आलेला माणूस तासाभरात दमतो.

तरीही कोडीकडे एक गोष्ट आहे जी हार्टफर्डला जमत नाही. बंदुका बघून बाहेर पडलात की त्याच छपराखाली मैदानी प्रदेशातल्या मूळ जमातींचं संग्रहालय आहे. टेक्सासमध्ये ठासणीच्या एकबारी बंदुकीत दारू भरेपर्यंत कोमांची या मूळ जमातीचा स्वार कितीतरी बाण सोडत असे. 1844 मध्ये वॉकर्स क्रीकला जॅक हेजच्या पंधराएक रेंजर्सनी, म्हणजे टेक्सासच्या घोडेस्वार रक्षकांनी, कोल्टची पाचबारी पिस्तुलं घेऊन त्यांच्याहून कितीतरी मोठ्या टोळीला पळवलं, आणि पारडं फिरलं. तोपर्यंत कोल्टचा न्यू जर्सीतल्या पॅटर्सनचा पहिला कारखाना बुडालाही होता. त्या चकमकीतला सॅम्युअल वॉकर पुढे मेक्सिकोच्या युद्धासाठी हजार पिस्तुलं मागायला आला, तेव्हा कोल्टचा धंदा पुन्हा उभा राहिला. 1847 चं ते 'वॉकर' सहाबारी, वजन दोन किलोच्या आसपास. नळकांड्यावर रेंजर्स आणि कोमांचींची लढाई कोरलेली आहे. म्हणजे ज्यांना मारलं त्यांचंच चित्र हत्यारावर. हार्टफर्डला हे नक्षीकाम वाटतं. कोडीला मण्यांनी विणलेले मोकासिन, म्हणजे चामडी जोडे, बघून परत फिरलात की तसं वाटत नाही.

दंतकथेबद्दल एक इशारा. कोल्टचं 1873 चं 'पीसमेकर' पिस्तूल पाहून प्रत्येक गल्लीत रोज गोळीबार होत असे असं मुलांना सांगू नका. डॉज सिटी, टूमस्टोन अशा गावांत शस्त्र घेऊन हिंडायला बंदी होती. टूमस्टोनमधली 1881 ची ओके कोरलची चकमक त्या बंदीवरूनच पेटली.

वेळ अगदीच कमी असेल तर न्यू जर्सीतलं पॅटर्सन आहे. कोल्टची पहिली पिस्तुलं जिथे बनली त्या गावच्या संग्रहालयात ती आहेत, शेजारी पॅसाइक नदीचा धबधबा. अर्ध्या दिवसाचं काम.

माझं मत विचाराल तर यंत्रात रमणाऱ्याने हार्टफर्डला जावं. शाळेतली मुलं बरोबर असतील आणि यलोस्टोन ठरलंच असेल तर कोडीला एक अख्खा दिवस द्यावा, आणि बंदुका आधी, मूळ जमातींचं दालन नंतर, याच क्रमाने बघावं. फक्त नोव्हेंबर ते एप्रिल पूर्वेकडचं दार गाड्यांना बंद असतं. काकांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचंच होतं, त्यामुळे आमच्या घरातला वाद तिथेच मिटला.