घरगुती आर्सेनिक चाचणी संच : जुळे सोलापुरातील बोअरच्या पाण्यावरील अनुभव

आमच्या इमारतीत नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि मधले दिवस बोअरवर काढावे लागतात. उन्हाळ्यात एका जलशुद्धीकरण यंत्राच्या विक्रेत्याने बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवून मोठा आकडा दाखवला आणि यात आर्सेनिकही असणार, असे ठामपणे सांगितले. वस्तुतः हे मीटर विद्युतवाहकतेवरून एकूण क्षारांचा अंदाज देते. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम आर्सेनिक त्याला कळूच शकत नाही. म्हणून यंत्र घेण्याआधी मी हा संच ऑनलाइन मागवला.

चाचणी सोपी आहे. मोजून घेतलेल्या पाण्यात आम्लाची व जस्ताची पूड टाकली की हायड्रोजन सुटतो, आर्सेनिक असल्यास त्याचा आर्साइन वायू बनतो आणि झाकणातील मर्क्युरिक ब्रोमाइडची पट्टी पिवळी, पुढे तपकिरी होते. तो रंग तक्त्याशी जुळवायचा. मात्र आर्साइन अतिशय विषारी असल्याने चाचणी मोकळ्या हवेत करावी आणि पट्टीत पारा असल्याने ती कचऱ्यात टाकू नये, या दोन्ही सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत शेवटच्या पानावर आहेत. घरात वापरायच्या वस्तूत हा दोष मला गंभीर वाटतो.

आमची पट्टी पांढरीच राहिली. तरीही भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि तक्त्यावरची पहिली रंगछटाही तिथेच सुरू होते. पांढरा आणि अगदी फिका पिवळा यांतला फरक डोळ्यांनी ठरवणे धोक्याचे, म्हणून प्रयोगशाळेतूनही तपासणी करून घेतली. आर्सेनिक आढळले नाही. नायट्रेट मात्र ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले, ज्याबद्दल विक्रेता एक शब्दही बोलला नव्हता.

पश्चिम बंगाल आणि बिहारमध्ये हिमालयातून आलेल्या गाळातील लोहाच्या संयुगांना चिकटलेले आर्सेनिक प्राणवायूविरहित थरांत सुटून भूजलात उतरते. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांच्या तळहात-तळपायांची त्वचा जाड व खरखरीत होते आणि त्वचा, फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चव किंवा वास यांवरून काही कळत नाही, आणि उकळल्याने पाणी आटून आर्सेनिकचे प्रमाण उलट वाढते. अशा भागात नातेवाईक असणाऱ्यांनी हा संच जरूर पाठवावा.

चाचणीत आर्सेनिक निघालेच, तर आरओ यंत्र घेण्यापूर्वी एक गोष्ट विचारावी. पाण्यात आर्सेनिक मुख्यतः दोन रूपांत असते. त्यातले त्रिसंयुजी रूप विद्युतभाररहित असल्याने आरओच्या पडद्यातून बऱ्याच अंशी निसटते. आधी क्लोरिनने त्याचे दुसरे, म्हणजे पंचसंयुजी रूप केले, तरच ते नीट अडते. लोह ऑक्साइड किंवा सक्रिय अॅल्युमिनाचे गाळणही चालते, पण त्याची शोषणक्षमता संपते, त्यामुळे ठरावीक काळाने बाहेर पडणाऱ्या पाण्याची पुन्हा तपासणी करावी लागते. त्या कामात प्राथमिक तपासणीसाठी हा संच उपयोगी आहे, आणि एका घराने घेण्यापेक्षा साऱ्या इमारतीने मिळून घेतला तर परवडतो.