जुन्या सामानावर सजवलेलं घर, वर्षभर वापरून

गेल्या आठवड्यात टीव्ही युनिटचं दार माझ्या हातात आलं, म्हणून हे लिहायला बसले. बिजागरीसकट आलं, आणि बिजागरीच्या स्क्रूंना भुश्याचा एक गोळाही चिकटलेला. घरातली ही एकुलती एक नवीकोरी, ऑनलाइन मागवलेली वस्तू. बाकी सगळं जुन्या फर्निचरच्या दुकानातलं, भंगारातलं, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर पडलेलं. आणि मोडलं ते नवंच.

कस्टमर केअरला फोन केला. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग उत्तर आलं, "मॅडम, वॉटर डॅमेज वॉरंटीमध्ये कव्हर होत नाही." मी म्हटलं, अहो, युनिट हॉलमध्ये ठेवलंय, होटगी तलावात नाही. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंपं भरून झाली की अख्खं घर धुऊन काढलं जातं. युनिटचे पाय म्हणजे पार्टिकल बोर्डाच्या पट्ट्या, खालची कड उघडी. तिथून ओल वर चढली आणि बोर्ड तळलेल्या पापडासारखा फुगला. भुसा आणि डिंक दाबून केलेला हा माल एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही, आत स्क्रूला धरायला काही राहत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार टाकली तेव्हा कुठे कंपनीचा फोन आला: नवीन दार निम्म्या किमतीत देतो. ते बसवायचं कशात, हे विचारल्यावर पलीकडून "मी पुढे कळवते". भंगारवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "ताई, हे जाळायलाबी कामाचं न्हाई. वजनावर घेऊन काय करू?"

असो. आता ज्या सामानासाठी हा अनुभव लिहितेय त्याकडे येते.

मागच्या वर्षी साखर पेठेतलं एकत्र घर सोडून आम्ही जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. डिपॉझिट भरून हातात जे उरलं त्यात नवं फर्निचर बसत नव्हतं. हप्त्यावर घ्यायला मी तयार नव्हते, नवरा होता. मी जिंकले. टेबल, काचेचं कपाट, लोखंडी कॉट, वेताच्या दोन खुर्च्या, पडदे, भिंतीवरच्या वस्तू असं सगळं मिळून टेम्पो आणि मिस्त्रीसकट तीस हजारांच्या आत बसलं. यात टीव्ही युनिटचे ६,८०० धरलेले नाहीत. ते मी हिशोबाच्या वहीत वेगळ्या पानावर लिहिलेत.

मुख्य विषय ड्रॉवर.

टेबल सागवानी, लिहायचं, उजव्या हाताला एकच ड्रॉवर. दुकानदार म्हणाला, "ताई, गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यातलं टेबल आहे हे." सोलापुरातली जुनी कापडगिरणी १८७७ सालची. पुढे आणखी गिरण्या निघाल्या, बंदही पडल्या, पण साहेबांची टेबलं काही अजून संपत नाहीत. मी टेबल उलटं करायला लावलं. पॉलिशच्या खाली काय आहे ते वरून कळत नाही, पॉलिश न केलेल्या खालच्या बाजूला कळतं. हलक्या लाकडाला सागवानी रंग मारलेला असेल तर तिथे नखाने खरवडलं की पांढरं दिसतं. इथे दिसलं नाही. पायांना खिळे नव्हते, कुसवाचे सांधे होते, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, आणि टेबल कोपऱ्याला धरून हलवलं तर एक सांधा कुरकुरला नाही. फळीला बारीक भोकं आणि त्यातून सांडणारं मैद्यासारखं पीठ आहे का, तेही पाहिलं. पीठ ताजं असेल तर कीड अजून आत आहे, ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घरी आणू नये, बाकीच्या लाकडालाही लागते. सागवानाचा गाभा सहसा वाचतो, कडेचा पांढरट भाग मात्र पोखरला जातो. २,८०० सांगितले, २,२०० ला दिलं. टेम्पो ४००.

एप्रिल महिना होता. ड्रॉवर एका बोटाने सरकत होता.

जुलैत अडला. आत लाइट बिल, गॅसचं पुस्तक आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. सासूबाई त्या दिवशी आमच्याकडे आलेल्या, जेवण होऊन गोळीची वेळ झालेली, आणि मी ड्रॉवर ओढतेय तर अख्खं टेबल माझ्याबरोबर हॉलभर फिरतंय. शेवटी नवऱ्याने टेबल धरलं, मी जोर लावला, तर मूठ निघून हातात आली. ड्रॉवर जागचा हलला नाही. गोळी मेडिकलमधून नवी आणली.

या दिवशी मी हा अनुभव लिहिला असता तर टेबलाला पाचपैकी एक तारा दिला असता, तोही लाकडाच्या वासासाठी.

मिस्त्रीमामांना बोलावलं. नवरा म्हणाला, "रंधा मारून टाका." मामा म्हणाले, "आत्ता रंधा मारला तर मार्चात खुळखुळा होईल की ओ. मग मलाच शिव्या द्याल." लाकूड हवेतला ओलावा पिऊन रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ड्रॉवरच्या बाजूच्या फळीत रेषा पुढून मागे जातात, म्हणून ती फुगते ती उंचीत, आणि वरच्या चौकटीला जाऊन टेकते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की त्या दिवसांत पाहिलेला कुठलाही जुना ड्रॉवर गुणीच निघणार. दुकानदारही जुनं फर्निचर उन्हाळ्यात काढतात, आता मला कारण कळलं. (कदाचित तसं काही नसेलही. पण माझा संशय गेलेला नाही.)

मामांनी मागून थापा मारत मारत ड्रॉवर बाहेर काढला आणि पोरीच्या पाटीवरचा खडू मागितला. बाजूच्या फळ्यांच्या वरच्या कडेला खडू फासला, ड्रॉवर आत ढकलला, परत काढला. जिथे खडू पुसला गेला होता तेवढीच जागा अडत होती. उजव्या फळीच्या मागच्या टोकाला जेमतेम चार बोटांचा पट्टा. तेवढ्याच जागी १२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, मग त्याहून बारीक, २२० चा. पुन्हा खडू, पुन्हा आत-बाहेर. शेवटी देवघरातली मेणबत्ती घेऊन खालच्या घसरपट्टीवर घासली. तेल लावू नका म्हणाले, धूळ धरतं. काम अर्ध्या तासाचं, पैसे २००. पन्नास कमी करा म्हटलं तर नुसते हसले.

तेव्हापासून ड्रॉवर चालतो. झडीच्या आठवड्यात थोडा जड होतो, मग मी मेणबत्ती फिरवते. मूठ दुसऱ्या एका मोडीत निघालेल्या कपाटाची, पितळी, वजनावर मिळाली. आता माझं मत असं की टेबल चार तारे. पाचवा मी त्या गोळीच्या दिवसासाठी राखून ठेवलाय. पाहुणे आले की त्यांना आधी ड्रॉवर उघडून बघायला लावते, नवऱ्याला ते आवडत नाही. पण मला सांगा, खडू, पॉलिश पेपर आणि मेणबत्तीत जे दुरुस्त होतं त्याला फर्निचर म्हणायचं, की ज्याच्या दुरुस्तीसाठी नवीन फर्निचर घ्यावं लागतं त्याला?

पडद्यांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. पडदे म्हणजे सोलापुरी चादरी. जीआय मानांकन (माल या गावचाच, अशी सरकारी ओळख) मिळालेली आपली चादर पाहुण्यांच्या अंथरुणासाठी बाहेरगावी जाते आणि आपण स्वतः मॉलमधले पॉलिस्टरचे पडदे लावतो, हे मला कधी पटलं नाही. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. त्यामुळे अस्तर लागत नाही, रस्त्यावरूनही खिडकी चांगली दिसते. ६० बाय ९० इंचाची चादर दाराला उंचीत बरोबर बसते, वर दांडीसाठी दुमड शिवली की काम झालं. चाटी गल्लीत पडद्याच्या कापडाचा भाव विचारून आले होते, त्याच्या तुलनेत सेकंडच्या चादरी निम्म्याहून कमी पैशांत पडल्या. सेकंडच्या म्हणजे कुठेतरी एखादा धागा तुटलेला असतो, तो चुण्यांत जातो.

पण पहिल्या महिन्यात मी त्यांना वैतागले होते. चादरीचं वजन पडद्याच्या स्प्रिंगच्या तारेला पेलत नाही, तार मधोमध झोळी धरते. लोखंडी पाइपाची दांडी लावावी लागली, त्याचे पैसे वेगळे. धुतल्यावर पहिल्यांदा थोड्या आटल्या, लाल रंगाने बादलीभर पाणी रंगवलं. तेव्हा शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या आणि लाल चादर पांढऱ्या कपड्यांत टाकू नका. मे महिन्यात मात्र त्यांनी पैसे फेडले. आमची हॉलची खिडकी पश्चिमेला, दुपारी तीननंतर भिंतीला हात लावता येत नाही. चादर ओढली की खोलीत कूलर काहीतरी करतोय असं वाटतं.

दाराजवळ किल्ल्या ठेवायला जुना धोटा आडवा ठोकलाय. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. पूर्व भागात यंत्रमागाचं जुनं सामान घेणाऱ्या भंगारवाल्याकडे मिळाला. लाकूड हातांनी आणि घर्षणाने इतकं गुळगुळीत झालेलं की पॉलिशची गरजच नाही, मधल्या पोकळीत जिथे सुताची कांडी बसायची तिथे किल्ल्या आणि सुटे पैसे. दोन्ही टोकांना पोलादी टोकं असतात, म्हणून पोरीच्या डोक्यापेक्षा वर लावलाय. समोरच्या अक्का बघायला आल्या. त्यांच्या घरी माग होते, त्यांनी लग्नाआधीपासून कांड्या भरलेल्या. बराच वेळ धोट्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जन्मभर ह्याची खडखड ऐकून माझे कान गेले, आणि तू पैसे देऊन भिंतीला लावलीस का गं?" मी चहा टाकला. दुसरं काय करणार.

लोखंडी कॉट छान आहे, फार बोलण्यासारखं नाही. गंज एमरी पेपरने काढला, गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात, वर ऑइल पेंट. एकच सांगते, जुनी कॉट थेट घरात नेऊ नका. ढेकूण सांध्यांत आणि पाइपाच्या टोकांत असतात. आम्ही ती रंगवायच्या आधी गच्चीवरच ठेवून प्रत्येक सांध्यावर उकळतं पाणी ओतलं. नुसत्या उन्हावर विसंबू नका. आपलं ऊन त्रेचाळीसचं असलं तरी ढेकूण आणि त्यांची अंडी मरायला पन्नासच्या आसपास किंवा वर जावं लागतं, आणि फटीत तेवढं तापत नाही. याच कारणासाठी गादी आणि सोफा जुना घेत नाही. सोफ्याच्या आत काय राहतंय ते बघायला तो फाडावा लागतो, आणि फाडल्यावर दुकानदार परत घेत नाही.

काचेच्या कपाटावर मात्र जरा थांबते, कारण इथे पैशांपेक्षा दुसरी भीती आहे. कपाटावर हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर होते. नवरा कोरडा पॉलिश पेपर घेऊन सुरू होणार होता, मी थांबवलं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता बरीच, आणि घासताना उडणारी धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट. म्हणून पोरीला आजीकडे पाठवलं, कपाट गच्चीवर नेलं, तोंडाला मास्क बांधून वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलं घासलं आणि निघालेला चिखल फडक्याने पुसून ते फडकंही फेकलं. पूर्ण रंग काढायच्या भानगडीत पडलो नाही. सुटलेल्या पोपड्या काढल्या, प्रायमर मारला, वर नवा रंग. जवळून पाहिलं तर जुन्या थरांचे उंचवटे दिसतात. दिसू देत.

टेबलाच्या पॉलिशचं राहिलं. गरम चहाचा कप ठेवला की पांढरी गोल खूण उमटायची. कापसावर थोडं स्पिरिट घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात पुसलं, चिकट झालं, म्हणजे वर चपडा लाखेचं जुन्या पद्धतीचं पॉलिश. त्याला उष्णता आणि ओल सोसत नाही, पण फायदा असा की स्पिरिटने किंचित ओल्या केलेल्या फडक्याचा हलका हात फिरवला की खूण बहुतेक वेळा जाते. जोर लावला तर पॉलिशही जातं. आता टेबलावर बांबूच्या चटईचे तुकडे आहेत, ज्यावर घरातलं कुणीही कप ठेवत नाही.

वेताच्या खुर्च्या बऱ्या आहेत. एकीची बैठक खचली, वेत विणणारा सापडत नाही म्हणून नवारीची पट्टी विणून बसवली. दिसायला विचित्र, बसायला मूळपेक्षा चांगली.

जायचंच असेल तर दिवाळीच्या आधी जा. लोक घर आवरतात, दुकानदारांकडे जागा उरत नाही, भाव लवकर खाली येतो. सकाळी जा, ट्यूबच्या उजेडात पॉलिशखालची भेग दिसत नाही. टेम्पो ठरवताना कितवा मजला ते आधीच सांगा, जिना किती अरुंद आहे तेही सांगा, आणि चढवण्याचे पैसे धरलेत का ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या. आम्हाला सामान खाली उतरल्यावर कळलं की ४०० मध्ये फक्त रस्ता होता.