मूल, घोडा आणि फ्लॅश: माथेरानच्या सावलीत कोणता प्रकाश निवडावा?

माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे तिथे घोडा रोजच्या वाहतुकीचा भाग आहे आणि घोड्याशेजारी आपल्या मुलाचे छायाचित्र असावे, असे बहुतेक पालकांना वाटते. अडचण येते ती प्रकाशाची. तांबड्या वाटांवर दाट झाडी असते, तिच्यातून उन्हाचे कवडसे पडतात आणि हेल्मेटच्या कडेखाली मुलाचा चेहरा काळवंडतो. तो उजळण्यासाठी स्टँडवरचा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ प्रकाश देणारी मोठी पेटी), घडीचा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा पडदा) किंवा छोटा फ्लॅश यांपैकी एक निवडावा लागतो.

केवळ छायाचित्राचा दर्जा पाहिला तर सॉफ्टबॉक्स निःसंशय सरस ठरतो, कारण बाजूने येणाऱ्या मऊ प्रकाशात मुलाचा चेहरा आणि घोड्याच्या मानेची गोलाई दोन्ही उठून दिसतात. मात्र घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते आणि तो बुजतो तो बहुधा अनोळखी आकाराला, अचानक झालेल्या हालचालीला किंवा आवाजाला. वाऱ्यावर डुलणारी मोठी पांढरी पेटी त्याला क्षणभर टिकणाऱ्या लखलखाटापेक्षा अधिक खटकू शकते. शिवाय स्टँड कोसळला तर मूल नेमके त्याच्या आणि घोड्याच्या मध्ये सापडते. वाळूच्या पिशव्यांचे वजन आणि सरावलेला घोडा नसेल, तर सॉफ्टबॉक्स नेऊच नये.

रिफ्लेक्टरला वीज लागत नाही म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो, पण माझे मत उलट आहे. घडी सोडताच तो फट्‌कन उघडतो आणि त्याच्या चंदेरी बाजूची तिरीप थेट घोड्याच्या डोळ्यांत जाऊ शकते. वापरायचाच असेल तर तो दूर उघडून, पांढरी बाजू पुढे करून, सावकाश जवळ आणावा.

छोटा फ्लॅश कॅमेऱ्यावरच ठेवला तर चेहरा सपाट दिसतो आणि अंधूक प्रकाशात घोड्याचे डोळे हिरवट-निळे चमकतात. म्हणून तो रेडिओ ट्रिगरवर (कॅमेऱ्यापासून दूरचा फ्लॅश बिनतारी पेटवणाऱ्या उपकरणावर) घेऊन, घोड्याला स्पष्ट दिसेल अशा जागी उभ्या असलेल्या सहायकाच्या हातात द्यावा, हा पर्याय मला सर्वांत समतोल वाटतो. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ४००, एफ/४ (भिंगाच्या छिद्राचे माप) आणि फ्लॅशपासून मुलापर्यंत सुमारे ३ मीटर अंतर असेल, तर सावलीत फ्लॅशच्या पूर्ण शक्तीच्या १/१६ शक्ती बहुधा पुरते. अंतर दुप्पट केले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे सहायकाला मागे सरकवताना शक्ती वाढवावी लागेल. फ्लॅशची बीप आणि डोळ्यांतील लाली टाळण्यासाठी मुख्य लखलखाटाआधी होणारे पूर्वलखलखाट आधीच बंद करावेत.

पहिले दोन-चार लखलखाट मुलाला दूर ठेवून, घोडेवाल्याने घोडा धरलेला असताना करावेत. कान मागे पडले, मान ताठ झाली किंवा घोडा फुरफुरू लागला, तर फ्लॅश पिशवीत गेलाच पाहिजे. घोडा शांत राहिला तर मुलाला त्याच्या डाव्या खांद्याजवळ उभे करावे, घोडेवाल्यानेही त्याच बाजूला राहावे आणि दोरी मुलाच्या हाताला कधीही गुंडाळू नये.

तबेल्यात जागा अरुंद असते आणि बुजलेल्या घोड्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तिथे यांपैकी काहीच न वापरता घोडा बाहेर मोकळ्या सावलीत आणवून घ्यावा. मूल खोगिरावर बसलेले असतानाही फ्लॅश टाळावा. त्या वेळी आयएसओ वाढवून छायाचित्रात थोडे कण दिसले तरी चालतील.