झिजलेले दात, कॉम्पोझिट आणि नाइट गार्ड : वर्षभराच्या वापरानंतर

वरचे पुढचे दात तोकडे झाले होते, कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या आणि थंड पाण्याने कळ जायची. उपचाराला आता वर्ष होत आलं. ज्यांना ‘सगळ्या दातांना कॅप बसवा’ असा सल्ला मिळालाय, त्यांनी हे जरूर वाचावं.

माझ्या डॉक्टरांची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी आधी झीज कशामुळे झाली ते शोधलं. वरच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत आणि खोलगट झाली होती, खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू मात्र शाबूत होती, कारण तिथे जीभ आडवी येते. पोटातलं आम्ल तोंडापर्यंत येत असेल तर झीज साधारण अशीच होते. दाढेतलं जुनं फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा वर उरलं होतं, म्हणजे दात विरघळत गेला होता. शिवाय वरचे-खालचे सुळे एकमेकांवर बरोबर बसतील असे सपाट घासलेले होते. ती झोपेत दात खाण्याची खूण. मला छातीत जळजळ कधीच नव्हती, तरी त्यांनी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं आम्ल वर येण्याचा त्रास, निघाला. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, विरघळायला लागतं, पोटातलं आम्ल तर त्याहून कितीतरी तीव्र. गेलेलं एनॅमल परत येत नाही. आम्ल चालूच ठेवून वर काहीही बसवलं असतं, तरी कडेचा दात झिजतच राहिला असता.

कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो आणि इथे तासायला फारसं उरलंच नव्हतं. म्हणून कॉम्पोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगच्या मसाल्याची, भर घालायचं ठरलं. पण भर घालायला जागा कुठे होती? दात हळूहळू झिजतो तसा हाडासकट समोरच्या दाताकडे सरकत राहतो, त्यामुळे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेलेच असतात. यावरचा उपाय नॉर्वेच्या डाल यांनी १९७५ मध्ये मांडला होता. फक्त पुढच्या दातांची उंची वाढवायची, दाढा काही महिने अधांतरी ठेवायच्या. पुढचे दात थोडे आत दबतात, दाढा वर येतात आणि चावा पुन्हा जुळतो.

ऐकायला सोपं, पण सुरुवातीचे आठवडे खरंच जड जातात. दाढा टेकतच नाहीत, मऊ खाणंही पुढच्या दातांनी चावावं लागतं. ‘स’ आणि ‘च’ अडखळत होते, ते लवकर सुटले. दर भेटीला डॉक्टर दाढांमध्ये निळा कागद धरायच्या आणि तो अलगद बाहेर निघून यायचा. मग एका भेटीत उजव्या बाजूला कागद अडकला, दाढेवर बारीक निळा ठिपका उमटला. तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. डावी बाजू बरीच उशिरा टेकली.

नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण, कडक अॅक्रिलिकचा, मापाचा घ्या. सुरुवातीला लाळ सुटते, नंतर सवय होते. त्याने दात खाणं थांबत नाही, फक्त ओरखडे दातांऐवजी गार्डवर पडतात. माझ्या गार्डवर सुळ्यांच्या जागी चकाकणारे पट्टे स्पष्ट दिसतात. तो थंड पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने वाकडा होतो.

उणिवा आहेत. एका सुळ्याचा कोपरा उडाला, तो भूल न देता एकाच बैठकीत दुरुस्त झाला. सिरॅमिकचा तुकडा उडाला असता तर काम इतकं सोपं नसतं. कडांवर डाग धरतात, अधूनमधून पॉलिश लागतं. भर कायमची नाही, काही वर्षांनी डागडुजी किंवा बदल करावा लागेल. पण भरीखालचा मूळ दात जसाच्या तसा आहे, आणि पुढे गरज पडली तर कॅपचा पर्याय शिल्लक आहे. थंडाची कळ जवळपास गेली.

आता आंबट काही खाल्लं-प्यायलं किंवा आंबट ढेकर आली की आधी नुसत्या पाण्याने चूळ भरते, लगेच ब्रश करत नाही. मऊ झालेलं एनॅमल घासलं तर आणखी निघतं. तुम्ही सल्ला घ्यायला जाल तेव्हा दातांची आतली बाजू दाखवायला सांगा आणि आजच्या स्थितीचा स्कॅन किंवा साचा जपून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी झीज थांबली की नाही हे त्यावरून ताडून पाहता येतं.