लायन्सचा २०२३ चा ड्राफ्ट: वरचे चार टिकले, खालचे चार गळाले

एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टचा (कॉलेजचे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याचा) पहिला राउंड संपला तेव्हा डेट्रॉइट लायन्सच्या पदरात एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि एक इनसाइड लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) पडला होता. ड्राफ्टवर लिहिणाऱ्या बऱ्याच मंडळींनी कपाळाला हात लावला. पुढच्याच हंगामात हा संघ १२-५ ने डिव्हिजन जिंकून एनएफसीच्या (लीगच्या दोनपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तीच मंडळी गप्प झाली. आमचं मत दोन्हींच्या मधलं आहे. त्या रात्रीचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता, पण त्याचा सगळा रोख वरच्या दोन पिक्सवर, म्हणजे निवडींवर, होता. खरा तोटा झाला तो दुसऱ्या दिवशी, ६८ आणि ९६ नंबरवर, आणि तिकडे कोणी फारसं बघितलंच नाही.

आधी आक्षेप नीट समजून घेऊ. नवख्या खेळाडूचा पगार पिकच्या नंबरावर ठरतो, जागेवर नाही. १२ व्या नंबरवर एज रशर (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा बचावपटू) घ्या नाहीतर रनिंग बॅक, चार वर्षांचा करार जवळपास तेवढाच. बाजारभाव मात्र जागेप्रमाणे बदलतो. २०२३ मध्ये एज रशर निक बोसाला वर्षाला सरासरी ३ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. रनिंग बॅकमध्ये तेव्हा सर्वांत महाग होता ख्रिश्चन मकॅफ्री, वर्षाला १ कोटी ६० लाख. म्हणजे ड्राफ्टमधून चांगला एज रशर हाती लागला तर संघाची बचत प्रचंड, रनिंग बॅक लागला तर बेताची. लाइनबॅकरचंही तेच. हिशेब बरोबर आहे. फक्त यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दोन्ही पिक्स यशस्वी होण्याची शक्यता सारखी असते. १२ व्या नंबरवर ती सारखी नसते. तोवर वरचे पास रशर उचलले गेलेले असतात.

आता सहाव्या पिकचा सौदा. हा पिक क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डला २०२१ मध्ये रॅम्सकडे पाठवलं त्या व्यवहारातला शेवटचा हप्ता. जनरल मॅनेजर ब्रॅड होम्सने ६ आणि ८१ ॲरिझोनाला देऊन १२, ३४ आणि १६८ घेतले. पिक्सचं मोल गुणांत मांडणाऱ्या जिमी जॉन्सनच्या जुन्या तक्त्यावर ६ ला १६०० आणि ८१ ला १८५ गुण आहेत, एकूण १७८५. मिळाले १२ चे १२००, ३४ चे ५६० आणि १६८ चे सुमारे २४, म्हणजे १७८४. काट्यावर तोलल्यासारखा व्यवहार. पण सहावरून उठल्यामुळे बचावपटू जेलेन कार्टरवर पाणी सोडावं लागलं. तो ९ व्या नंबरवर ईगल्सकडे गेला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या सुपर बोल जिंकणाऱ्या बचावफळीचा कणा झाला. लायन्सचा २०२४ चा पास रश आठवला की ही सल जात नाही.

१२: जाहमीर गिब्स, रनिंग बॅक, अलाबामा. वजन १९९ पौंड, ४० यार्डांना ४.३६ सेकंद. पहिल्या सामन्यात त्याला फक्त ७ कॅरी (चेंडू घेऊन धावण्याच्या संधी) मिळाल्या, संघातल्या दुसऱ्या रनिंग बॅकला, डेव्हिड माँटगोमेरीला, २१. तेव्हा टीकाकारांना आयतंच कोलीत मिळालं: बाराव्या पिकवर राखीव रनिंग बॅक? ऑक्टोबरमध्ये माँटगोमेरी जायबंदी झाल्यावर चित्र पालटलं. रेडर्सविरुद्ध सोमवारच्या रात्री २६ कॅरीत १५२ यार्ड. हंगामअखेर ९४५ यार्ड, १० टचडाउन आणि ५२ झेल.

गिब्सचं मोल नुसत्या वेगात नाही. बहुतेक वेगवान बॅक बाहेरच्या धावेवर घाई करतात, ब्लॉकरच्या पाठीत शिरतात आणि दोन यार्डांत संपतात. गिब्स टॅकलच्या मागे एक पाऊल थांबतो, लाइनबॅकर बाहेर झुकला की त्याच पावलावर आत वळतो, आणि तिथून तिसऱ्या पावलाला पूर्ण वेगात असतो. ही थांबण्याची कला पहिल्या वर्षी अधूनमधून दिसायची. २०२४ मध्ये ती रोजची झाली: २५० कॅरी, १४१२ यार्ड, झेलांसकट २० टचडाउन. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात व्हायकिंग्जविरुद्ध त्यातले चार, आणि त्याच विजयावर एनएफसीचं पहिलं मानांकन. कच्चा दुवा पास ब्लॉकिंगचा. आत घुसणाऱ्या जाड लाइनबॅकरला तो छातीवर घेत नाही, बाजूने ढकलू पाहतो आणि क्वार्टरबॅक गॉफच्या पायाशी गर्दी होते. म्हणूनच माँटगोमेरीची जोडी कामाची होती.

पैशाचंही बघू. गिब्सचा करार चार वर्षांचा सुमारे १ कोटी ७८ लाख डॉलरचा. माँटगोमेरीला त्याच उन्हाळ्याआधी तीन वर्षांसाठी १ कोटी ८० लाखांपर्यंतचा करार दिला होता. वर्षाच्या हिशेबाने गिब्सच स्वस्त. बारावा पिक रनिंग बॅकवर उधळला म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

तरीही एक खंत उरते. ख्रिश्चन गोंझालेस हा कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांना अडवणारा) १२ ला मोकळा होता, तो १७ व्या नंबरवर पेट्रियट्सकडे गेला. लायन्सची कॉर्नरची भूक भागली नाही. मग २०२४ मध्ये २९ आणि ७३ देऊन २४ वर चढावं लागलं टेरियन आर्नल्डसाठी, वर ६१ व्या नंबरवर एनिस रेकस्ट्रॉ. एका वर्षी टाळलेला खर्च पुढच्या वर्षी व्याजासकट भरला.

१८: जॅक कॅम्पबेल, लाइनबॅकर, आयोवा. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेलशी नातं काही नाही. ६ फूट ५ इंच, २४९ पौंड, कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा २०२२ चा बटकस पुरस्कार. पहिलं वर्ष चाचपडत गेलं. प्ले-ॲक्शनवर (धावेचं नाटक करून दिलेल्या पासवर) दोन पावलं पुढे यायचा, आणि मग मागे पडणाऱ्या टाइट एंडला (ब्लॉकही करणाऱ्या आणि झेलही घेणाऱ्या खेळाडूला) गाठायला उशीर व्हायचा. एवढ्या उंच लाइनबॅकरचं हे नेहमीचं दुखणं. कंबर फिरवायला वेळ लागतो, त्यामुळे पहिलं पाऊल चुकलं की भरपाई होत नाही. उपाय एकच, ते पाऊल न चुकणं, आणि ते पाहून पाहूनच येतं. २०२४ मध्ये आलं. नोव्हेंबरात ॲलेक्स अँझलोनचा हात मोडल्यावर प्रशिक्षकांच्या सूचना ऐकण्याचा हेल्मेटमधला स्पीकर कॅम्पबेलकडे गेला, संपूर्ण बचावाच्या हाका तो देऊ लागला आणि हंगाम १३१ टॅकलवर संपवला. पिक चांगला. अठरावा नंबर थोडा चढा होता असं अजूनही वाटतं.

३४: सॅम लापोर्टा, टाइट एंड, आयोवा. त्या वर्षी टाइट एंडची रांग लांब होती. डॉल्टन किनकेड २५ ला गेला, मायकल मेयर ३५ ला, ल्यूक मसग्रेव्ह ४२ ला. मेयर समोर असताना लायन्सनी लापोर्टा घेतला. आयोवाच्या आक्रमणात त्याच्या वाट्याला शेवटच्या हंगामात ५८ झेल आणि अवघा एक टचडाउन आला होता. आकडे पाहून कोणीही पुढे सरकला असता. पण टेप पाहिली तर तो झोनच्या दोन बचावपटूंमध्ये बरोबर कुठे थांबायचं हे न सांगता ओळखत होता, आणि चेंडू हातात येताच वळून पळत होता. जेरेड गॉफ हा मैदानाच्या मधोमध वेळेवर फेकणारा क्वार्टरबॅक. त्याला असाच माणूस हवा होता. पहिल्याच हंगामात ८६ झेल, ८८९ यार्ड, १० टचडाउन. टाइट एंडने पदार्पणात घेतलेल्या झेलांचा तो तेव्हाचा विक्रम, जो पुढच्याच वर्षी ब्रॉक बावर्सने ११२ झेलांनी मोडला. २०२४ मध्ये लापोर्टा ६० झेलांवर आला. चेंडू वाटून घेणारे वाढले होते, हे मुख्य कारण.

४५: ब्रायन ब्रांच, डिफेन्सिव्ह बॅक, अलाबामा. पहिल्या राउंडचा खेळाडू दुसऱ्यात का घसरला? ४० यार्डांना ४.५८ सेकंद, एवढंच. स्लॉटमध्ये (कडेच्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूला) खेळणाऱ्याला ४० यार्ड सरळ पळावं लागतंच कधी? होम्सने ग्रीन बेला, म्हणजे स्वतःच्याच डिव्हिजनमधल्या संघाला, ४८ आणि १५९ देऊन ४५ घेतला. पदार्पणाच्या सामन्यात चीफ्सच्या कडेरियस टोनीच्या हातून उडालेला चेंडू त्याने पकडला आणि ५० यार्ड पळून टचडाउन केला. लायन्स २१-२० ने जिंकले. ती इंटरसेप्शन नशिबाची म्हणता येईल, पण चेंडू उडाला त्या जागी तो आधीच उभा होता. २०२४ मध्ये त्याला सेफ्टीवर (बचावाच्या सर्वांत मागच्या जागेवर) हलवलं, केर्बी जोसेफच्या जोडीला, आणि चार इंटरसेप्शनसह प्रो बोल या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत निवड. दोष म्हणजे टॅकलिंगमधला अतिरेक. पॅकर्सविरुद्ध डोक्याला डोकं लागलं आणि थेट मैदानाबाहेर. खांदा खाली नेण्याऐवजी तो अखेरच्या क्षणी हेल्मेट पुढे करतो. त्याच्या आक्रमकतेवर जगणाऱ्या बचावाला ही किंमत अधूनमधून मोजावीच लागणार.

चार पिक्स, चारही पक्के स्टार्टर. इथून पुढे उतार लागतो.

टी. जे. हॉकेनसनला व्हायकिंग्जकडे पाठवून ५५ वा पिक मिळाला होता. तिथून लायन्स ५५ वरून ६३, ६३ वरून ६८ असे पायरी-पायरीने उतरले, वाटेत जादा पिक्स गोळा केले, आणि ६८ वर टेनेसीचा क्वार्टरबॅक हेंडन हूकर घेतला. वय २५, नोव्हेंबर २०२२ मध्ये गुडघ्याचं एसीएल लिगामेंट फाटलेलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी २७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन, हे खरं. पण टेनेसीचं आक्रमण रिसीव्हरना साइडलाइनपर्यंत पसरवतं आणि क्वार्टरबॅकला बहुतेक वेळा अर्धंच मैदान वाचायला लावतं. लायन्सचं आक्रमण याच्या उलट: सेंटरच्या मागून, पाठ वळवून प्ले-ॲक्शन, मग वळून पूर्ण मैदान वाचायचं. शिकायला वेळ हवा, आणि वेळ दुखापतीने खाल्ला. २०२४ च्या प्लेऑफआधी निवृत्तीतून टेडी ब्रिजवॉटरला बोलावलं, तेव्हाच अंदाज आला. ऑगस्ट २०२५ मध्ये हूकरला सोडलं. मे २०२४ मध्ये गॉफला चार वर्षांचे २१ कोटी २० लाख डॉलर दिल्यावर त्याचा वारसदार हा विषयच संपला होता.

९६ चा व्यवहार आम्हाला सगळ्यांत जास्त खटकतो. गोळा केलेले पिक्स, १२२, १३९ आणि १६८, तिन्ही ॲरिझोनाला देऊन वेस्टर्न केंटकीचा ३३० पौंडांचा नोज टॅकल (बचावफळीच्या मधोमधचा) ब्रॉड्रिक मार्टिन घेतला. तक्त्यावर हाही सौदा जवळपास बरोबरीचा. पण त्या भागात एका पिकच्या यशाची शक्यता एवढी कमी असते की तीन संधी एकीपेक्षा केव्हाही बऱ्या. पहिल्या हंगामात मार्टिन तीन सामने खेळला. खांद्याचे पॅड वर राहायचे, म्हणजे शरीर ताठ, म्हणून दुहेरी ब्लॉक आला की ढकलला जायचा. नोज टॅकलला हे एकच काम न जमून चालत नाही. २०२५ चा हंगाम सुरू होताना तो संघात नव्हता. १५२ चा कोल्बी सॉर्सडल गार्ड म्हणून काही सामने निभावून नेण्यापुरता, २१९ चा अँटवान ग्रीन तेवढाही नाही. शेवटच्या राउंडकडून कोणी अपेक्षा करत नाही, त्यामुळे ते सोडून देऊ.

आठ पिक्समध्ये एज रशर एकही नाही. त्या वेळी ते चालून जाईल असं वाटत होतं. २०२२ मध्ये एडन हचिन्सन आणि जॉश पास्कल घेतले होते, आणि सहाव्या राउंडच्या जेम्स ह्यूस्टनने सात सामन्यांत ८ सॅक (चेंडू फेकण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) केले होते. ह्यूस्टनचा घोटा २०२३ च्या दुसऱ्याच सामन्यात मोडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॅलसमध्ये हचिन्सनचा पाय मोडला. मग एज रशर झडेरियस स्मिथला घाईने आणलं. १५-२ असा हंगाम करणारा संघ जानेवारीत घरच्या मैदानावर कमांडर्सकडून ४५-३१ ने हरला. लायन्सच्या पाच टर्नओव्हरचा (चेंडू गमावण्याचा) दोष मोठा, पण त्यांच्या क्वार्टरबॅकला, जेडन डॅनियल्सला, पॉकेटमध्ये कोणी फारसं हलवलंही नाही.

हूकर घेतला तेव्हा कोण उपलब्ध होतं? बायरन यंग, टेनेसीचाच, वयही २५ च. रॅम्सनी त्याला ७७ वर घेतलं, पहिल्या हंगामात ८ सॅक. कोबी टर्नर, ८९ वर, तोही रॅम्सकडे, ९ सॅक. होम्स वर्षानुवर्षं रॅम्ससाठी कॉलेज स्काउटिंग करत होता, आणि त्याच्याच जुन्या घराने त्याच्या डोळ्यांदेखत हे दोघे उचलले.

पुढचा प्रश्न करारांचा. गिब्स आणि कॅम्पबेल पहिल्या राउंडचे, म्हणून दोघांवर संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय, २०२७ पर्यंत. कॅम्पबेलच्या बाबतीत इथे गोम आहे. पर्यायाची रक्कम ठरवताना इनसाइड लाइनबॅकर आणि बाहेरून पास रश करणारे लाइनबॅकर एकाच गटात मोजले जातात, त्यामुळे आकडा त्याच्या बाजारभावापेक्षा फुगलेला येतो. त्याच्यासाठी पर्यायापेक्षा थेट लांबचा करार स्वस्त पडतो. लापोर्टा आणि ब्रांच दुसऱ्या राउंडचे, त्यांना पर्याय नाही, दोघांचे करार २०२६ च्या हंगामाबरोबर संपतात. २०२५ मध्ये एकाची पाठ आणि दुसऱ्याचं अकिलिस गेल्यामुळे दोघांचाही हंगाम अर्धवट राहिला. ब्रांचला आधी सही करायला लावावी, असं आमचं मत. सेफ्टी आणि स्लॉट दोन्ही निभावणारा माणूस ड्राफ्टमध्ये पुन्हा ४५ व्या नंबरवर सापडेल याची खात्री नाही. लापोर्टाच्या बाबतीत पाठ कितपत सावरते ते २०२६ च्या पहिल्या सहा-सात सामन्यांत पाहावं, आणि तोवर थांबण्याची किंमत म्हणून फ्रँचायझी टॅगचे (करार संपलेल्या खेळाडूला आणखी एक वर्ष राखण्याच्या सोयीचे) पैसे बाजूला काढून ठेवावेत.